ऑनलाइन मानसोपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनाच्या त्रासासाठी व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना भेटावं की नाही, या विचारात असलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना जे प्रश्न पडतात ते इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण लोक नेमके तिथेच अडतात.

आत्ता, या क्षणी जीव नकोसा झालाय. ऑनलाइन अपॉइंटमेंट घेऊ का?

अपॉइंटमेंट उद्या-परवाची मिळेल, तुम्हाला माणूस आत्ता हवा आहे. घरात, शेजारी, जो कोणी असेल त्याला हाक मारा आणि एकटे राहू नका. जिवाला धोका होईल असं जे काही हाताशी असेल ते दुसऱ्याच्या ताब्यात द्या. मग हेल्पलाइनला फोन करा: भारतात टेली मानस १४४१६ (दिवसरात्र, मोफत, मराठीतही), अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये समॅरिटन्स ११६ १२३. स्वतःला इजा करून घेतली असेल किंवा गोळ्या घेतल्या असतील तर भारतात ११२, अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, नाहीतर सरळ जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. ‘अजून काही होत नाहीये’ म्हणून घरी थांबू नका. काही गोळ्यांचा परिणाम दिसायलाच एक-दोन दिवस जातात आणि तोवर उताऱ्याची वेळ निघून गेलेली असते.

ऑनलाइन मानसोपचार म्हणजे नुसतं फोनवर बोलणंच ना?

नाही. मानसोपचारतज्ज्ञ व्हिडिओ कॉलवर तुमची तपासणी करतात, निदान करतात, औषध लिहून देतात आणि पुढे ते औषध लागू पडतंय का ते पाहतात. ही कल्पना मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का सायकियाट्रिक इन्स्टिट्यूटमध्ये १९५९ साली दुतर्फा टीव्हीवरून हे काम सुरू झालं होतं आणि १९६४ मध्ये तिथले डॉक्टर सुमारे १८० किलोमीटरवरच्या नॉरफोकच्या मनोरुग्णालयाला टीव्हीवरूनच सल्ला देऊ लागले. शल्यचिकित्सेला किंवा दंतवैद्यकाला हे जमणार नव्हतं. मानसोपचारात मात्र डॉक्टरांचं मुख्य काम म्हणजे प्रश्न विचारणं आणि उत्तर देणाऱ्याकडे बारकाईने पाहणं, त्यामुळे पडदा त्यांना लवकर मानवला. २०२० च्या टाळेबंदीत तो घरोघरी पोचला. भारतात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं त्याच वर्षी मार्चमध्ये आली.

मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक. यातलं कोणाकडे जाऊ?

मानसोपचारतज्ज्ञ हे आधी डॉक्टर असतात. एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले, म्हणून औषध तेच लिहून देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात आणि बोलण्यातून उपचार करतात. भारतात त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र फारच सैल आहे. उत्तम प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक असतात, तसे आठवड्याभराचा कोर्स करून पाटी लावलेलेही असतात. तेव्हा शिक्षण विचारायला लाजू नका.

झोप उडाली आहे, खाणं सुटलंय, कामावर जाववत नाही, कानात आवाज येतात, कोणीतरी मागावर आहे असं वाटतं किंवा मरणाचे विचार येतात, यातलं काहीही असेल तर सुरुवात डॉक्टरांकडून करा. नातं मोडलंय, नोकरीत कोंडी झालीय, पण दिवस कसाबसा रेटला जातोय, तर समुपदेशनाने सुरुवात केली तरी चालेल. चांगला समुपदेशक गरज दिसली की स्वतःच तुम्हाला डॉक्टरांकडे पाठवतो.

समोरासमोर भेटण्याइतकं ते परिणामकारक असतं का?

नैराश्य, चिंतेचे विकार, आघातानंतरचा ताण यांच्याबाबत व्हिडिओवरचे आणि प्रत्यक्ष भेटीतले उपचार ताडून पाहणारे बरेच अभ्यास झाले आहेत. निष्कर्ष साधारण सारखेच येतात: फरक फारसा पडत नाही.

पण डॉक्टरांना पडद्यावर काय दिसत नाही, हे तुम्हाला माहीत असायला हवं. हाताची बारीक थरथर, चालण्यातला ताठरपणा, तोंडाला येणारा दारूचा वास, महिनाभरात उतरलेलं किंवा वाढलेलं वजन, रक्तदाब, आणि दार उघडून आत येतानाची तुमची चाल. क्लिनिकमध्ये या गोष्टी न सांगता कळतात. इथे त्या तुम्हाला सांगाव्या लागतात. ऑनलाइन उपचार फसले असं लोक म्हणतात तेव्हा पुष्कळदा ही निम्मी माहिती डॉक्टरांपर्यंत पोचलेलीच नसते.

कोणी ऑनलाइनच्या भानगडीत पडू नये?

ज्यांचा स्वतःवर ताबा राहिलेला नाही, जे हिंसक झाले आहेत, ज्यांनी अन्नपाणी सोडलं आहे, जे गोंधळलेले आहेत आणि दिवस-वार सांगू शकत नाहीत, त्यांना रुग्णालयातच न्यायला हवं. वृद्ध माणूस अचानक, एक-दोन दिवसांत, असंबद्ध बोलू लागला तर बहुतेक वेळा मूळ शरीरात सापडतं: जंतुसंसर्ग, सोडियम घटणं, एखादं नवं औषध. ते व्हिडिओवर शोधण्यात वेळ घालवू नये. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम सोडली की फिट येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. त्यामुळे दारू सोडवण्याचे पहिले दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली काढावेत. खाण्याच्या विकारात वजन धोक्याच्या पातळीला घसरलं असेल तेव्हाही पडदा पुरत नाही.

हे टप्पे ओलांडल्यावर पुढच्या भेटी ऑनलाइन घेता येतात, आणि सोयीच्याही पडतात.

पहिल्या भेटीत नेमकं काय होतं? मला काही सुचलं नाही तर?

तुम्हाला भाषण करायचं नाही, त्यामुळे सुचायची चिंता नको. प्रश्न डॉक्टर विचारतात. पहिली भेट साधारण अर्धा तास ते तासभर चालते. सुरुवातीला नाव, वय आणि ‘आत्ता तुम्ही कुठे बसला आहात’ हे विचारलं जाईल. हा प्रश्न चौकशीखोर वाटतो, पण बोलता बोलता तुम्हाला काही झालं तर मदत कोणत्या पत्त्यावर पाठवायची हे डॉक्टरांना ठाऊक असावं लागतं. त्यासाठीच जवळच्या एका माणसाचा फोन नंबरही मागतात.

मग त्रासाची गोष्ट: कधी सुरू झाला, कशाने वाढतो, कशाने कमी होतो. झोप, भूक, वजन, एकाग्रता, लैंगिक इच्छा. दारू, तंबाखू, गांजा. पूर्वीचे आजार, ऑपरेशनं, चालू असलेली सगळी औषधं. घराण्यात कोणाला असा त्रास होता का, कोणी आत्महत्या केली होती का. ‘मरावंसं वाटतं का’ हे सरळ विचारलं जाईल. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे. उलट, कोणीतरी विचारलं एकदाचं, याचा अनेकांना सुटकारा वाटतो.

एका प्रश्नाचं उत्तर फार विचार करून द्या: ‘याच्या उलट कधी झालं होतं का?’ म्हणजे चार-सहा दिवस किंवा आठवडाभर दोन-तीन तासांच्या झोपेवर प्रचंड उत्साह, भराभर बोलणं, वारेमाप खर्च, आपण काहीही करू शकतो अशी खात्री. लोकांना हे दिवस आजाराचे वाटत नाहीत, आयुष्यातले सर्वांत छान दिवस वाटतात, म्हणून ते सांगत नाहीत. पण ते घडलं असेल तर हा द्विध्रुवी विकार असू शकतो, आणि त्यात नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर मन दुसऱ्या टोकाला उसळू शकतं. हे घरच्यांना जास्त नीट आठवतं. शक्य असेल तर भेटीतली शेवटची दहा मिनिटं त्यांच्यापैकी एकाला शेजारी बसवा.

कॉलआधी काय तयारी करू?

चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं समोर ठेवा, आयुर्वेदिक आणि झोपेच्या गोळ्यांसकट. ‘ती पांढरी छोटी गोळी’ यावरून कोणताही डॉक्टर काही ओळखू शकत नाही. पूर्वीच्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट आधीच पाठवा. घरी वजनकाटा किंवा रक्तदाबाचं यंत्र असेल तर त्या दिवशीचे आकडे लिहून ठेवा. आणि सर्वांत त्रास देणाऱ्या तीन गोष्टी कागदावर उतरवा, कारण मुख्य गोष्ट शेवटच्या मिनिटाला सांगण्याची माणसाला खोड असते.

मोबाइल हातात धरू नका, कशाला तरी टेकवून ठेवा. उजेड तोंडावर पडू द्या, पाठीमागे खिडकी नको. डॉक्टरांना तुमची काळी आकृती दिसून उपयोग नाही. गाडी चालवत असताना तर कॉल घेऊच नका. लोक घेतात.

घरात एकांत नाही. कुठे बसून बोलू?

ही अडचण ‘सोयीचे उपचार’ म्हणून जाहिरात करणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. दोन खोल्यांच्या घरात सासूबद्दल सासूच्या देखत कसं बोलणार? उभी केलेली गाडी, गच्ची, मैत्रिणीचं घर, ऑफिसमधली रिकामी मीटिंगची खोली, असे मार्ग लोक शोधतात. इअरफोन लावले की निदान डॉक्टरांचे प्रश्न तरी बाहेर ऐकू जात नाहीत. मग ‘हो’, ‘नाही’, ‘आधीपेक्षा जास्त’ एवढ्यावर निभावता येतं. नाजूक गोष्ट चॅटमध्ये टाइप करा. आणि सुरुवातीलाच सांगा की शेजारी माणसं आहेत. त्यानुसार डॉक्टर प्रश्नांची रचना बदलतात.

घरात मारहाण होत असेल तर मारणारा कुठे आहे हे आधी सांगा आणि कॉल एकदम बंद करावा लागला तर त्याचा अर्थ काय घ्यायचा हेही ठरवून ठेवा.

कॅमेरा बंद ठेवला तर चालेल?

पहिल्या भेटीत शक्यतो नको. चेहरा, नजर, हालचालींचा वेग यांवरून निदानाला मोठा आधार मिळतो. ओळख झाल्यावर, एखाद्या वाईट दिवशी, नुसत्या आवाजावर भागतं.

ॲपवर प्रश्नावली भरली, ‘तीव्र नैराश्य’ असं आलं. हे निदान धरायचं का?

बहुधा ती पीएचक्यू-९ असेल. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. ५, १०, १५ आणि २० या आकड्यांपासून सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र, तीव्र असे टप्पे मोजतात. ही चाळणी आहे. थायरॉइड मंदावलेल्या, रक्त कमी असलेल्या किंवा ब-१२ जीवनसत्त्व घटलेल्या माणसालाही थकवा, झोप आणि भुकेच्या प्रश्नांवर भरपूर गुण पडतात. घरात नुकताच मृत्यू झालेल्यालाही पडतात.

मग ती भरायचीच कशाला? तर दर महिन्याला तीच प्रश्नावली भरली की उपचारांचा आलेख दिसतो, आणि ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्याचा आकडा १९ वरून ११ वर आलेला सापडतो. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्यावर शून्याहून जास्त काही आलं असेल तर एकूण बेरीज कितीही असो, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

चॅटबॉटशी बोलून बरं वाटतं. तेवढं पुरे नाही का?

रात्री दोनला मन मोकळं करायला ठीक. पण तो तुमची जबाबदारी घेत नाही, तुमचा पत्ता त्याला ठाऊक नसतो आणि तुम्ही जे मांडाल त्याला मान डोलावण्याकडे त्याचा कल असतो. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटणाऱ्या माणसाला हो ला हो करणारा सोबती मिळणं धोक्याचं आहे. औषधाचा डोस तर त्याला विचारूच नका.

डॉक्टर खरे आहेत हे कसं ओळखू?

नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक. भारतात चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असणं बंधनकारक आहे आणि तो वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत ताडून पाहता येतो. पदवी एमडी, डीएनबी किंवा डीपीएम, तीही मानसोपचारातली हवी. इतर देशांतही अशा नोंदवह्या इंटरनेटवर खुल्या असतात.

कागद बरोबर असूनही काम वाईट असू शकतं. दहा मिनिटांत निदान आणि चिठ्ठी, दारूबद्दल किंवा चालू औषधांबद्दल एकही प्रश्न नाही, ‘इतक्या दिवसांत नैराश्यातून कायमची मुक्ती’ असं पॅकेज, औषध आमच्याकडूनच घ्या असा आग्रह, दर वेळी नवा डॉक्टर. यातलं काही दिसलं तर निघा. अमेरिकेत २०२४ मध्ये एडीएचडीची (लक्ष न टिकण्याच्या, अतिचंचलतेच्या विकाराची) उत्तेजक औषधं ऑनलाइन लिहून देणाऱ्या एका कंपनीच्या प्रमुखांना याच आरोपांवरून अटक झाली होती: तपासणी नावापुरती आणि गोळ्यांचा धंदा जोरात.

पहिल्याच भेटीत औषध मिळतं का? मेडिकलवाला ती चिठ्ठी घेईल का?

गरज असेल तर बहुतेक औषधं व्हिडिओ भेटीनंतर लिहून देता येतात. सही आणि नोंदणी क्रमांक असलेली डिजिटल चिठ्ठी चालते. मात्र सवय लावणाऱ्या काही औषधांवर प्रत्येक देशात वेगळं कुंपण आहे. भारतात शेड्यूल एक्समधली (कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीतली) औषधं आणि अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी अंमली औषधं टेलिमेडिसिनवर लिहून देता येत नाहीत. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने अशा औषधांसाठी आधी एक प्रत्यक्ष भेट बंधनकारक केली होती, ती अट कोविडकाळात सैल केली गेली. त्यामुळे ‘हे औषध ऑनलाइन देता येणार नाही’ असं डॉक्टर म्हणाले तर तो अविश्वास समजू नका.

पहिल्या भेटीत औषध न देणारे डॉक्टरही चांगले असू शकतात. आधी रक्त तपासा, दोन आठवडे झोपेची वेळ पाळून बघा, मग ठरवू, हेही उपचारच.

या गोळ्यांची सवय लागते ना?

सगळ्या गोळ्यांना एकाच माळेत ओवल्यामुळे हा गोंधळ झाला आहे.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या गटाच्या गोळ्या तासाभरात शांत करतात आणि त्यांची सवय खरोखर लागते. काही आठवड्यांतच तेवढ्या डोसने भागेनासं होतं. म्हणून त्या थोडे दिवस, ठरवून द्यायच्या असतात. बरीच वर्षं घेत असाल तर एकदम थांबवू नका, फिट येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवा.

सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम, फ्लुऑक्सेटीन ही नैराश्यावरची औषधं वेगळी. त्यांची तलफ येत नाही, डोस चढवत न्यावासा वाटत नाही. पण शरीर त्यांना सरावतं. एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असा त्रास काहींना होतो. पॅरॉक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीनमध्ये तो जास्त, फ्लुऑक्सेटीनमध्ये कमी, कारण ते शरीरातून सावकाश निघतं. हा त्रास दिसला की लोक म्हणतात, ‘बघा, सवय लागली.’ डोस टप्प्याटप्प्याने कमी केला तर बहुतेकांना तो टाळता येतो किंवा सौम्य ठेवता येतो.

गोळ्या सुरू करून आठ दिवस झाले, काहीच फरक नाही. बदलू का?

थांबा. नैराश्यावरच्या औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहा ते आठ. पण मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, अस्वस्थता हे सगळं पहिल्या आठवड्यातच येतं. म्हणजे तोटा रोख आणि फायदा उधार. इथेच सर्वाधिक लोक औषध फेकून देतात, आणि ऑनलाइनवर ते आणखी सोपं, कारण पुढचा कॉल घेतला नाही तर कोणी विचारायला येत नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या कॉलपेक्षा दोन आठवड्यांनंतरचा दुसरा कॉल जास्त मोलाचा आहे. पैसे किंवा वेळ एकाच ठिकाणी घालता येणार असेल तर पहिल्या भेटीसाठी महागडं नाव शोधण्यापेक्षा पुढच्या चार भेटी नक्की घेता येतील असा डॉक्टर निवडा.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये हे औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये लहान मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी तसा ठळक इशारा छापायला लावला. असं काही जाणवलं, किंवा बसवत नाही इतकी तगमग सुरू झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी कळवा.

रक्ततपासणी ऑनलाइन कशी होणार?

डॉक्टर लिहून देतात, तुम्ही जवळच्या लॅबमध्ये रक्त देता, रिपोर्ट पाठवता. लिथियम (द्विध्रुवी विकारावरचं औषध) घेत असाल तर त्याची रक्तातली पातळी पाहण्यासाठी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं असतं. नाश्त्याआधी गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा चुकीचा येतो. पातळी साधारण ०.६ ते १.० (मिलिमोल प्रति लिटर) च्या दरम्यान ठेवतात, १.५ च्या वर विषबाधेची भीती. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं किंवा दुखण्यावर आयबुप्रोफेन घेतलं तरी पातळी चढते. हात जोरात थरथरू लागले, तोल जाऊ लागला, बोलणं जड झालं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर किंवा रुग्णालय. मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणीही साधारण सहा महिन्यांनी लागते.

भास-भ्रमांच्या आजारावरच्या क्लोझापिनसाठी सुरुवातीचे काही महिने बहुतेक ठिकाणी दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजतात. त्याच प्रकारच्या ओलान्झापिनवर वजन आणि रक्तातली साखर, चरबी पाहतात. व्हॅलप्रोएट हे मनाचे चढउतार आवरणारं औषध गर्भाला घातक ठरू शकतं, त्यामुळे मूल होण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका, स्वतः सांगा.

आता छान वाटतंय. बंद केलं तर?

छान वाटतंय ते औषध चालू असल्यामुळे. नैराश्याच्या पहिल्या झटक्यात पूर्ण बरं वाटू लागल्यानंतरही निदान सहा महिने औषध चालू ठेवतात. झटके वारंवार येत असतील, द्विध्रुवी विकार किंवा स्किझोफ्रेनिया असेल तर मुदत बरीच लांबते. बंद करायचंच असेल तर लपून करू नका. ‘मला थांबवायचंय’ हे सांगण्यासाठीच एक भेट घ्या.

माझी माहिती बाहेर जाईल का? घरच्यांना, ऑफिसला कळेल का?

डॉक्टरांवर गोपनीयतेचं बंधन असतं. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, मुलाचा छळ, न्यायालयाचा आदेश, अशा मोजक्या प्रसंगीच ते ओलांडता येतं. तेव्हा डॉक्टरांची काळजी फारशी नको. काळजी मधल्या यंत्रणेची करा.

फिनलंडमधल्या वास्तामो या मानसोपचार कंपनीच्या नोंदी चोरीला गेल्याचं ऑक्टोबर २०२० मध्ये उघड झालं. चोराने आधी कंपनीकडे खंडणी मागितली आणि नंतर हजारो रुग्णांना एकेकट्याला मेल पाठवून धमकावलं: पैसे द्या, नाहीतर तुम्ही डॉक्टरांना काय सांगितलं ते छापतो. पुढच्याच वर्षी कंपनीचं दिवाळं निघालं, आणि २०२४ मध्ये चोराला तुरुंगवास झाला. बेटरहेल्प या बड्या समुपदेशन ॲपने लोकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवल्याचा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. २०२३ मध्ये कंपनीने ७८ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. तिथे कोणी चोरी केली नव्हती.

यावरून घाबरून उपचार टाळू नयेत, पण ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा मेल आणि सगळ्या कुटुंबाने मिळून वापरलेलं खातं यांवरून अपॉइंटमेंट घेऊ नका. ॲपला फोनमधले संपर्क आणि लोकेशन कायमचं देऊ नका. कॉल रेकॉर्ड होतो का, असं तोंडावर विचारा. आणि तुम्हीही डॉक्टरांना न विचारता रेकॉर्ड करू नका.

भाऊ डॉक्टरकडे यायला तयार नाही. त्याच्या वतीने मीच बोललो तर?

बोला, जरूर बोला. त्याच्याशी कसं वागायचं, कशावरून वाद घालायचा नाही, कोणत्या क्षणी रुग्णालय गाठायचं, हे सल्ले तुम्हाला मिळू शकतात. पण त्याला न पाहता त्याच्या नावाने औषधाची चिठ्ठी मागू नका. जबाबदार डॉक्टर ती देणार नाहीत.

आणि जेवणात गोळी मिसळून देण्याचा मार्ग नको. हा मार्ग कितीतरी घरांत चालतो, हतबलतेतून चालतो, हे खरं. पण त्याला मान आखडण्याचा किंवा गुंगीचा त्रास झाला तर तो कशाने हे त्याला कळणार नाही. आणि जो आधीच ‘माझ्या अन्नात काहीतरी घालतात’ म्हणतोय त्याच्या हाती खरा पुरावा लागेल. त्यानंतर तो तुमच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही. त्याऐवजी तो ज्या त्रासाची कबुली देतो तिथून सुरुवात करा. ‘तुला वेड लागलंय, चल’ यापेक्षा ‘तुला झोप नाही, निदान त्यासाठी पंधरा मिनिटं बोल’ हे चालून जातं. घर सोडायला तयार नसलेला माणूस स्वतःच्या खोलीत बसून फोनवर बोलायला पुष्कळदा तयार होतो. ऑनलाइनचा सर्वांत मोठा फायदा मला इथे दिसतो.

मुलांसाठी चालतं का?

चालतं, पालकांच्या संमतीने. थोडा वेळ पालकांसोबत, थोडा वेळ मूल एकटं, अशी भेट असावी, आणि किशोरवयीन मुलाला तो एकटा वेळ खरोखर द्या. दारामागे उभे राहू नका. लहान मूल पडद्यासमोर टिकत नाही, तेव्हा खेळताना पाहू द्या. एडीएचडीसाठी घर आणि शाळा दोन्हीकडची माहिती लागते आणि लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात. त्यामुळे शिक्षकांचं निरीक्षण लिहून आणा.

परदेशात राहतो. मराठीत बोलणारा डॉक्टर चालेल का?

मनातलं आपल्या भाषेत जितकं निघतं तितकं परक्या भाषेत निघत नाही, हे मान्य. पण कायदा सहसा रुग्ण कुठे बसला आहे ते पाहतो: डॉक्टरांना त्या ठिकाणचा परवाना हवा. दुसऱ्या देशातली चिठ्ठी तिथला औषधविक्रेता बहुधा घेणार नाही, आणि रात्री तब्येत बिघडली तर हजारो मैलांवरचा डॉक्टर तुमच्यासाठी रुग्णवाहिका बोलावू शकणार नाही. औषध तिथल्या डॉक्टरांकडून आणि बोलणं मराठी थेरपिस्टशी, अशी वाटणी बरेच जण करतात. दोघांना एकमेकांबद्दल कल्पना द्या. थेरपिस्टलाही त्या देशात असं काम करायची मुभा आहे का, ते आधी विचारून घ्या.

कॉल मध्येच तुटला तर?

सुरुवातीलाच ठरवा: कोणी कोणाला फोन करायचा. बोलणं नाजूक जागी आलं असताना तुटलं तर डॉक्टर सहसा लगेच साध्या फोनवर येतात, म्हणून फोन सायलेंटवर ठेवू नका.

डॉक्टर पटले नाहीत. बदलले तर वाईट दिसेल का?

अजिबात नाही. दोन-तीन भेटींनंतरही आपलं ऐकलं जात नाही असं वाटलं तर बदला. फक्त जुन्या चिठ्ठ्या, कोणतं औषध किती डोसमध्ये किती आठवडे घेतलं आणि का थांबवलं याची नोंद सोबत न्या. ती नसली की नवे डॉक्टर तेच औषध पुन्हा सुरू करतात आणि तुमचे दोन महिने वाया जातात. चालू गोळ्या संपायला आठवडा उरला असतानाच नवी अपॉइंटमेंट घेऊन ठेवा, म्हणजे मध्ये खंड पडणार नाही.